‘पाहिजे’ आणि ‘पाहिजेच’

आज मनाविषयी थोडं बोलायचं आहे. मी मानसशास्त्राचा अभ्यासक नाही. शिक्षण बी. ए.पर्यंतचं, पोट कचेरीतल्या कारकुनीवर भरलं आणि उरलेल्या वेळात कविता लिहिल्या. तेव्हा आजचं बोलणं एका वाचकाचं समजा. या शास्त्राचा ज्याला आयुष्यात एकदा नेमक्या वेळी उपयोग झाला, अशा माणसाचं समजा.

आमचं मूळ गाव श्रीगोंदा तालुक्यातलं. जिल्हा तेव्हाचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर. घरात दखनी, दाराबाहेर मराठी. लहानपणी काही मनाविरुद्ध झालं आणि मी रडत बसलो, की अम्मा पाठीवरून हात फिरवत म्हणायची, ‘‘दिल कू समजा, बाबू.’’ मनाला समजाव. मला याची गंमत वाटायची. मन म्हणजे काय शेजारचं पोर आहे, त्याला बोलावून समजावायला? पुढं वाचायला लागलो तेव्हा कळलं, की हे सांगणं अम्माच्या एकटीचं नव्हतं. आमच्या त्या मातीत ते कित्येक पिढ्या मुरलेलं होतं.

सतराव्या शतकात श्रीगोंद्याला शेख महंमद नावाचे संतकवी होऊन गेले. त्यांची समाधी तिथंच आहे. मुसलमान घरात जन्मलेल्या या माणसानं मराठीत ओव्या लिहिल्या, अभंग लिहिले आणि मराठी मुलखानं त्यांना कबीराच्या पंगतीला बसवलं. त्यांच्या मोठ्या ग्रंथाचं नाव ‘योगसंग्राम’. हा संग्राम कुणाशी? शेजारच्या राजाशी नाही, दुसऱ्या धर्माशीही नाही. आपल्याच आत दबा धरून बसलेल्या काम, क्रोध, अहंकार या मंडळींशी. त्याच शतकात समर्थ रामदासांनी ‘मनाचे श्लोक’ रचले. एकूण २०५ श्लोक, आणि त्यांत मनालाच हाक मारून केलेली समजावणी. शेख महंमद आणि रामदास यांच्या वाटा वेगळ्या, पण दोन गोष्टी दोघांकडेही सापडतात. एक म्हणजे, मन हे आपल्यासमोर बसवून ज्याच्याशी बोलता येतं असं काहीतरी आहे. आणि दुसरी म्हणजे ‘विवेक’ हा शब्द. हा शब्द कृपा करून लक्षात ठेवा. तीनशे वर्षांनी तो आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

मनाचं आधुनिक शास्त्र आपल्याकडे आलं ते मात्र वेगळ्या दारानं. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ स्थापन झालं आणि पुढच्याच वर्षी तिथं प्रायोगिक मानसशास्त्राचा विभाग सुरू झाला. १९६२ मध्ये आप्पा पेंडसे यांनी सदाशिव पेठेत ज्ञानप्रबोधिनी उभी केली. मुलांची बुद्धी कशी ओळखावी आणि तिला कसं वळण द्यावं, हा तिथला एक मोठा विषय. ही फार मोलाची कामं. पण ज्याला रात्री झोप येत नाही, ज्याचं साहेबाशी पटत नाही, ज्याला चारचौघांत बोलायची भीती वाटते, त्या साध्या माणसानं कुठं जायचं? दुसऱ्या टोकाला होतं येरवड्याचं मनोरुग्णालय. पुण्यात ‘याला येरवड्याला पाठवा’ हे वाक्य थट्टेतसुद्धा ऐकायला नको वाटायचं. एका हाताला प्रयोगशाळा, दुसऱ्या हाताला येरवडा, आणि मधला सगळा संसार आपापल्या अम्मांच्या भरवशावर, अशी स्थिती बरीच वर्षं होती.

ही मधली जागा भरून काढणारा एक विचार आपल्याकडे आला तो न्यूयॉर्कहून. त्याची गोष्ट ऐकण्यासारखी आहे.

अल्बर्ट एलिस हे १९१३ साली जन्मलेले अमेरिकन मानसशास्त्रज्ञ. त्यांचं बालपण न्यूयॉर्कमध्ये गेलं. तरुणपणी ते कमालीचे बुजरे होते. मुलींशी बोलायचं म्हटलं की त्यांची जीभ टाळूला चिकटायची. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी स्वतःलाच एक गृहपाठ दिला. घराजवळच्या वनस्पतिउद्यानात महिनाभर रोज जायचं आणि बाकावर एकटी बसलेली कुणी दिसली, की शेजारी बसून बोलायला सुरुवात करायची. एलिस पुढं आयुष्यभर हा किस्सा आकड्यांसकट सांगत. १३० जणी भेटल्या. त्यांतल्या ३० जणी ताबडतोब उठून गेल्या. १०० जणींशी बोलणं झालं. एकीनं पुन्हा भेटायचं कबूल केलं आणि ती आलीच नाही! हिशेबानं पाहिलं तर सपशेल अपयश. पण त्या महिन्यात त्यांची भीती गेली. कुणी त्यांना मारलं नाही, कुणी पोलीस बोलावले नाहीत, आभाळ कोसळलं नाही. नकार म्हणजे नकार, एवढंच. आपली लायकी ठरवणारा तो निकाल नव्हे, हे त्यांना वाचून नव्हे तर करून कळलं.

पुढं ते मनोविश्लेषण शिकले, काही वर्षं त्या पद्धतीनं उपचारही केले. पण रुग्ण वर्षानुवर्षं बालपणाच्या आठवणी उकरत राहतो आणि दुःख होतं तिथंच राहतं, असं त्यांना दिसू लागलं. १९५५ च्या सुमारास त्यांनी आपली नवी पद्धत मांडली. तिचं सार साधं आहे. एखादी घटना घडते आणि आपल्याला त्रास होतो. आपल्याला वाटतं, घटनेनंच त्रास दिला. एलिस म्हणतात, मध्ये एक तिसरी गोष्ट आहे, ती म्हणजे त्या घटनेविषयी आपण स्वतःशी काय बोललो. ही कल्पना मुळात जुनी आहे. एपिक्टेटस या जन्मानं गुलाम असलेल्या तत्त्वज्ञानं ती जवळजवळ एकोणीसशे वर्षांपूर्वी सांगितली होती. एलिस यांनी तिचं रोज वापरायचं हत्यार बनवलं.

हे हत्यार मराठी माणसाच्या हातात अगदी नेमकं बसतं, त्याचं कारण आपलं व्याकरण. एलिस यांचं म्हणणं असं, की माणसाला इच्छा असणं यात काही चुकीचं नाही. बिघडतं ते इच्छेचा हट्ट झाला की. मराठीत या दोहोंमधलं अंतर एका अक्षराचं आहे. ‘मला यश मिळालं पाहिजे’ ही इच्छा. ‘मिळालंच पाहिजे’ हा हट्ट. हे ‘च’ आपण तीन ठिकाणी लावतो. मी चांगलं वागलंच पाहिजे. लोकांनी माझ्याशी चांगलं वागलंच पाहिजे. आणि जग माझ्या सोयीनं चाललंच पाहिजे. मग यांतलं काही झालं नाही, की वाईट वाटण्यावर भागत नाही, माणूस कोसळतो. नाराजीवर भागत नाही, त्याच्या अंगाची लाही लाही होते.

त्याच सुमारास फिलाडेल्फियात एरन बेक हे मनोविकारतज्ज्ञ नैराश्याच्या रुग्णांचे विचार तपासत होते. तेही वेगळ्या वाटेनं याच मुक्कामाला पोहोचले. बेक यांनी आपली पद्धत मोजमापाच्या कसोटीवर लावली. १९७७ मध्ये त्यांच्या गटाचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात विचारांवर काम करणारी उपचारपद्धती आणि त्या काळी नैराश्यावर वापरलं जाणारं एक औषध यांची तुलना केली होती. ही बोलण्याची पद्धत औषधाच्या मागं पडली नाही. त्यानंतर जगभर असे पुष्कळ अभ्यास झाले, आणि मनाला समजावणं ही आजीबाईच्या बटव्यातली गोष्ट दवाखान्याच्या कपाटात जाऊन बसली.

आता ती मराठीत कशी आली ते पाहू. मुंबईचे मानसतज्ज्ञ किशोर फडके यांनी एलिस यांची पुस्तकं वाचली आणि त्यांना पत्रं लिहायला सुरुवात केली. हा पत्रव्यवहार दशकानुदशकं चालला. शंका विचारायच्या, वाद घालायचा, उत्तर आलं की पुन्हा विचारायचं. असं शिकत शिकत फडके या पद्धतीचे भारतातले अधिकारी जाणकार झाले आणि त्यांनी पुढच्या पिढीला शिकवलं. ठाण्याचे मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी हे त्या पिढीतले. १९९० मध्ये त्यांनी ठाण्यात ‘आयपीएच’ ही मानसिक आरोग्यासाठीची संस्था सुरू केली. ‘स्वभाव-विभाव’ या त्यांच्या पुस्तकानं हे शास्त्र मराठी घरांच्या दिवाणखान्यात नेलं. अंजली जोशी यांनी तर ‘मी अल्बर्ट एलिस’ ही मराठी कादंबरीच लिहिली. आणि या पद्धतीला मराठीत नाव काय मिळालं? विवेकनिष्ठ! इंग्रजी ‘रॅशनल’साठी ‘तर्कशुद्ध’ हा शब्द चालला असता, ‘बुद्धिवादी’ही चालला असता. पण योजला गेला तो ‘विवेक’, शेख महंमदांचा आणि रामदासांचा. शब्द निवडताना कुणाच्या मनात काय होतं ते मला ठाऊक असण्याचं कारण नाही, पण एक कवी म्हणून सांगतो, परक्या विचाराला आपल्या घरातला इतका जुना पाट बसायला मिळणं ही लहान गोष्ट नव्हे.

पुण्यातही एक मोठं काम उभं राहिलं होतं, आणि तेही नेमकं येरवड्यात. गर्द या मादक पदार्थानं तरुण मुलं कशी संपतात, यावर अनिल अवचट यांनी लेख लिहिले. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे मदतीला पुढं आले. डॉ. सुनंदा अवचट, म्हणजे सर्वांच्या मोठ्या मॅडम, मनोविकारतज्ज्ञ होत्या. २९ ऑगस्ट १९८६ रोजी मनोरुग्णालयाच्याच आवारात ‘मुक्तांगण’ सुरू झालं. डॉ. नाडकर्णी तिथंही सोबत होते. व्यसनी माणसांनी एकत्र बसून एकमेकांचं ऐकायचं, आणि ‘आयुष्यभर पिणार नाही’ अशी शपथ न घेता फक्त आजचा दिवस सांभाळायचा, ही १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची रीत तिथं रुजली. म्हणजे ज्या येरवड्याच्या नावानं लोक घाबरायचे, तिथंच माणसं स्वतःहून जाऊ लागली. मनाला समजावायचं, पण एकट्यानं नव्हे, चार जणांत बसून, हा धडा मुक्तांगणनं दिला.

आता माझी गोष्ट सांगतो. १९९८ सालची. नुकतं लग्न झालेलं, नोकरी पौड रस्त्याच्या बाजूला, म्हणून कोथरूडमध्ये भाड्यानं जागा शोधत होतो. कोथरूड तेव्हा भराभर वाढत होतं. जागा पुष्कळ होत्या. मालक प्रेमानं बोलायचे, पाणी द्यायचे, माझ्या मराठीचं कौतुक करायचे. मग नाव विचारायचे. नाव ऐकलं की जागा आदल्या दिवशीच गेलेली असायची, किंवा पुतण्या अचानक राहायला येणार असायचा. एका ठिकाणी तर दोन दिवसांनी दारावर तीच पाटी पुन्हा लागलेली मी पाहिली.

राग आला. यायलाच हवा होता. पण तो राग माझ्या घरी मुक्कामाला राहिला. रात्र रात्र जागा असायचो. कचेरीत कुणी हसलं तरी वाटायचं, आपल्यालाच हसतायत. सहा महिन्यांत एक ओळ लिहून झाली नाही. बायको म्हणाली, ‘‘अहो, तुम्ही माझ्याशीही भांडल्यासारखंच बोलताय.’’ त्या वाक्यानं मी हललो.

ओळखीतल्या एक बाई समुपदेशनाचं काम करायच्या. त्यांच्याकडे गेलो. सगळं ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या, ‘‘दार बंद झालं की जिना उतरताना तुम्ही स्वतःला काय म्हणता, ते जसंच्या तसं कागदावर लिहा.’’ मी लिहिलं. दोन वाक्यं निघाली. पहिलं, ‘या लोकांनी मला आपलं मानलंच पाहिजे.’ दुसरं, ‘ते मानत नाहीत, म्हणजे मी इथला कुणीच नाही.’

बाईंनी कागद पाहिला. म्हणाल्या, ‘‘तुमच्याशी झालेला हा अन्याय आहे. त्याला मी दुसरं नाव देणार नाही. पहिल्या वाक्यातला तो ‘च’ बघा जरा, पण इच्छा अगदी रास्त आहे, ती सोडू नका. दुसरं वाक्य मात्र कुणी म्हटलं? मालकानं?’’ मी म्हटलं, ‘‘नाही.’’ त्या म्हणाल्या, ‘‘मग ते तुम्हीच म्हटलंत. त्यानं जागा नाकारली. तुमचं इथलं असणं तुम्ही नाकारलंत.’’

मंडळी, पंचवीसहून अधिक वर्षं झाली, तरी हे बोलणं मला आठवतं. मग बाईंनी गृहपाठ दिला. अजून वीस जागा विचारायच्या. नाव शेवटी नाही, सुरुवातीलाच सांगायचं. आणि प्रत्येक नकार वहीत तारखेसह लिहायचा, पुढं काही टिप्पणी नाही. त्या वेळी एलिस आणि त्यांचा तो बागेतला बाक मला माहीत नव्हता. फार नंतर तो किस्सा वाचला आणि एकटाच हसलो. माझ्या वहीत चौदा नोंदी झाल्या. अकरा नकार, दोन जागांचं भाडं न परवडणारं, आणि चौदावी एका निवृत्त शिक्षिका काकूंची. त्यांनी नाव ऐकलं आणि विचारलं, ‘‘पाणी सकाळी सहाला येतं, उठाल ना?’’ त्या घरात आम्ही सहा वर्षं राहिलो. कोथरूड मग सुटलंच नाही.

इथं एक गोष्ट ठासून सांगायला हवी. वहीमुळे ते अकरा नकार न्याय्य झाले नाहीत. मनाचं शास्त्र अनेकदा चुकीच्या जागी वापरलं जातं. कामगाराला वेळेवर पगार नाही, सुनेला घरात मान नाही, आणि आपण त्यांना सांगतो, सकारात्मक विचार करा. हा विवेक नव्हे. एलिस यांनीही असं शिकवलेलं नाही. वाईट गोष्टीबद्दल वाईट वाटणं, अन्यायाबद्दल चीड येणं, हे त्यांच्या मते निरोगीच आहे. त्यांना सोडवायचा होता तो भावनेचा असा पीळ, की ज्यानं माणूस स्वतःलाच मारत बसतो आणि हातून काहीच होत नाही. माझ्यापुरतं बोलायचं तर, झोप परत आली तेव्हाच मी त्या नकारांवर कविता लिहू शकलो. जागरणाच्या सहा महिन्यांत ते जमलं नव्हतं.

अलीकडचं एक संशोधन सांगतो, कारण त्यात कवींचा संबंध आहे. मिशिगन विद्यापीठातले ईथन क्रॉस आणि त्यांचे सहकारी यांनी २०१४ मध्ये काही प्रयोग प्रसिद्ध केले. लोकांना ऐनवेळी सांगितलं, की थोड्याच वेळात तुम्हाला परीक्षकांसमोर भाषण करायचं आहे. तयारी करताना काहींनी स्वतःशी बोलताना ‘मी’ म्हणायचं; काहींनी स्वतःला नावानं हाक मारायची किंवा ‘तू’ म्हणायचं. दुसऱ्या गटाला त्रास कमी झाला, आणि भाषणानंतर तेच तेच उगाळत बसणंही कमी झालं. नावानं बोललं, की आपण स्वतःकडे मित्राकडे पाहावं तसं थोडं लांबून पाहतो आणि मित्राला देतो तसा शहाणा सल्ला देतो, असं त्याचं स्पष्टीकरण.

हे वाचताना मला आपले अभंग आठवले. शेवटच्या चरणात संत स्वतःचं नाव घालतात आणि स्वतःविषयी दुसऱ्या कुणाविषयी बोलावं तसं बोलतात. गझलच्या शेवटच्या शेरातही, मक्त्यात, शायर स्वतःचं टोपणनाव घेऊन स्वतःलाच दोन शब्द सुनावतो. संतांनी आणि शायरांनी ते याच हेतूनं केलं असं मी म्हणत नाही. नाममुद्रेची कारणं वेगळीही आहेत. पण शतकानुशतकं आपली माणसं ते म्हणत आली, गात आली, आणि गाता गाता स्वतःपासून वीतभर लांब उभं राहायला शिकली, असा माझा तर्क आहे. तुम्हीही करून पाहा. रात्री मन थाऱ्यावर नसेल तर ‘माझं कसं होणार’ असं म्हणण्याऐवजी स्वतःला नावानं हाक मारा आणि विचारा, नेमकं काय झालंय? मी अजूनही अम्मानं ठेवलेल्या नावानंच हाक मारतो. ‘बाबू, झोप आता. उद्या पाहू.’

अर्थात, या उपायाची मर्यादा ओळखायला हवी. ताप अंगावर काढू नये, तसंच हेही. आठवडेच्या आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, जीव नकोसा वाटतो, असं असेल तर मनाला समजावत घरी बसू नका. डॉक्टर गाठा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं मनाच्या आजारावर उपचार मिळणं हा हक्क मानला आहे, आणि ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची ‘टेलिमानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर सुरू झाली आहे. आमच्या अम्माला यातलं काही मिळालं नाही. तिच्याकडे एक वाक्य होतं, त्यावर तिनं आयुष्य काढलं.

शेवटी एक अगदी ताजी गोष्ट. माझी मुलगी दुसऱ्या एका शहरात नोकरी करते. मागच्या वर्षी तिचा फोन आला. जागा ठरली होती, पैसे द्यायचे तेवढे बाकी होते, आणि नाव कळल्यावर मालकानं नाही म्हटलं. माझ्या पोटात तोच जुना गोळा आला. मी लगेच माझा सगळा अनुभव, ती वही, तो ‘च’, सांगायला लागलो. ती म्हणाली, ‘‘अब्बा, थांबा. आधी माझं ऐकून तर घ्या.’’

मी गप्प बसलो. तिनं सगळं सांगितलं. मध्ये थोडी रडली. मग मी विचारलं, ‘‘जिना उतरताना स्वतःला काय म्हणालीस?’’

‘‘म्हटलं, हा माणूस चूक वागला. त्याला लेखी विचारलंय, कारण कळवा म्हणून. आणि उद्या दोन जागा बघायच्यात,’’ ती म्हणाली. ‘‘का? अजून काही म्हणायला पाहिजे होतं का?’’

‘‘नाही,’’ मी म्हटलं. ‘‘जेवलीस का?’’

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)